छत्री बाभूळ: ओळख, लागवड आणि वापर

छत्री बाभळीचे बी रुजवणे फारसे कठीण नाही आणि एकदा मूळ खोलवर पोहोचले की हे झाड कोणाकडे पाणी मागत नाही. कठीण असतो तो मधला काळ, ज्यात हातभर उंचीचे कोवळे रोप शेळ्या, हरणे, वणवा आणि लांबलेला उन्हाळा यांच्यातून वाचवून न्यावे लागते. म्हणूनच पुढील विवेचनात बियाण्यापेक्षा राखणीला आणि लाकडापेक्षा शेंगांना अधिक जागा दिली आहे. ज्यांना हे झाड केवळ सरपण म्हणून हवे आहे, त्यांनीही शेंगांचा भाग आधी वाचावा, कारण उभे झाड वर्षानुवर्षे जे देते ते तोडलेले झाड एकदाच देते.

हे झाड मूळचे आफ्रिकेच्या आणि अरबस्तानाच्या कोरड्या पट्ट्यातले आहे. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला सोमालियापर्यंतचा साहेल (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा), इजिप्त आणि सुदान, केनिया आणि टांझानियाची सव्हाना, दक्षिणेकडे बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका, तसेच येमेन, ओमान आणि इस्रायलच्या कोरड्या नद्यांची पात्रे एवढा त्याचा विस्तार आहे. डॅनिश मोहिमेबरोबर इजिप्त आणि येमेनमध्ये गेलेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्येच मरण पावलेला निसर्गअभ्यासक पेर फोर्सकॉल याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ते १७७५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ ‘अकेशिया टॉर्टिलिस’ या नावाने ओळखले गेलेले हे झाड आता ‘व्हाचेलिया टॉर्टिलिस’ म्हणून नोंदले जाते. २००५ मध्ये व्हिएन्ना येथे आणि नंतर २०११ मध्ये मेलबर्न येथे भरलेल्या वनस्पतिशास्त्र परिषदांमध्ये ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातील जातींसाठी राखून ठेवण्यात आले आणि आफ्रिकेतील बाभळी इतर प्रजातींमध्ये गेल्या. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की बियाणे किंवा माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधावे, कारण वनखात्यांच्या याद्या आणि जुनी पुस्तके अजूनही पहिलेच नाव वापरतात. स्थानिक नावेही माहीत असलेली बरी: स्वाहिलीत ‘म्गुंगा’, उत्तर केनियातील तुर्काना पशुपालकांच्या भाषेत ‘एवोई’, केनिया-टांझानियातील मासाई पशुपालकांत ‘ओल्तेपेसी’ आणि अरबी मुलखात ‘समर’ किंवा ‘सयाल’.

झाड ओळखावे कसे

सपाट माथा ही ओळखीची पहिली खूण असली तरी ती एकटी पुरेशी नाही. कोवळेपणी हे झाड झुडपासारखे, खालपासून फांद्या फुटलेले असते आणि माथा पसरून सपाट व्हायला त्याला बरीच वर्षे लागतात. शिवाय माथा सपाट असणारी बाभूळ ही एकच नाही. इथिओपिया आणि केनियाच्या उंच भागात वाढणारी ‘व्हाचेलिया अ‍ॅबिसिनिका’ लांबून अगदी अशीच दिसते. उलट साहेल आणि सहाराच्या कडेला आढळणारी ‘रेडियाना’ ही या जातीचीच उपजाती असूनही तिचा घेर पुष्कळदा गोलसर असतो. त्यामुळे जवळ जाऊन फांदी हातात घेतल्याशिवाय निर्णय करू नये.

फांदीवर पाहावयाची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे एकाच झाडावर असलेले दोन प्रकारचे काटे. एक प्रकार लांब, सरळ आणि पांढुरका असतो. तो सहज बोटाएवढा, काही वेळा ८ ते १० सेंटिमीटरपर्यंतही लांब होतो. दुसरा प्रकार जेमतेम ५ मिलिमीटरचा, तपकिरी आणि मागे वळलेल्या आकड्यासारखा असतो. दोन्ही जोडीने येतात आणि काही पेरांवर एक सरळ व एक आकडेदार अशी मिश्र जोडीही दिसते. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स भाषेत या झाडाला ‘हाक-एन-स्टेक’, म्हणजे अडकवतो आणि भोसकतो, असे म्हणतात. ज्याने एकदा याच्या जाळीत हात घातला आहे त्याला या नावाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. दुसरी पक्की खूण म्हणजे शेंग. ती पिळदार, गुंडाळी झालेली असते, पिकल्यावर फिकट तपकिरी होते आणि आपोआप उकलत नाही; बी आतच राहून अख्खी शेंग खाली पडते. पाने दुहेरी संयुक्त, म्हणजे दोनदा विभागलेली, असून त्यांची पर्णिका (पानाचा सुटा लहान भाग) इतकी बारीक असते की एका नखावर अनेक मावतील. फुले पांढरट, गोल गोंड्यांसारखी आणि सुवासिक असतात.

गल्लत होण्याची शक्यता असलेल्या काही बाभळी येथे सांगणे आवश्यक आहे, कारण ही गल्लत केवळ नावापुरती राहत नाही. ‘सेनेगालिया सेनेगल’ या झाडाला प्रत्येक पेरावर तीन आकडेदार काटे असतात आणि त्यातला मधला खाली वळलेला असतो. त्याच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात. ‘व्हाचेलिया झँथोफ्लिया’ हे पिवळ्या-हिरव्या सालीचे झाड पाणथळ जागी वाढते. काळ्या चिकणमातीत वाढणाऱ्या ‘व्हाचेलिया ड्रेपॅनोलोबियम’च्या काट्यांच्या बुडाशी फुगीर गाठी असतात आणि त्यांत मुंग्या राहतात. ‘व्हाचेलिया सीबेरियाना’ आणि ‘व्हाचेलिया एरिओलोबा’ यांच्या पाल्यात किंवा शेंगांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असू शकतात, त्यामुळे जनावरांना शेंगा घालण्याआधी झाडाची ओळख पक्की असलीच पाहिजे. पिळदार शेंग आणि दोन तऱ्हेचे काटे ही जोडी एकत्र दिसली, तरच ते झाड छत्री बाभूळ समजावे.

जागा निवडताना

वर्षाला साधारण १०० ते १,००० मिलिमीटर पाऊस आणि ५० अंश सेल्सिअसपर्यंत जाणारा उन्हाळा एवढी या झाडाची सहनशक्ती आहे. वाळू, मुरूम, खडकाळ उतार आणि चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमीन त्याला चालते. पाणी साचून राहणारी चिकण जमीन त्याला मानवत नाही, सावलीत ते वाढत नाही आणि कोवळी रोपे कडाक्याच्या दहिवराने मरतात. ज्या भागात पाऊस अगदीच कमी आहे, तेथे कोरड्या ओढ्याचा काठ निवडावा, कारण अशा ठिकाणी मुळांना खालचे पाणी सापडते.

मूळ किती खोल जाऊ शकते याचे प्रसिद्ध उदाहरण नायजर देशातील तेनेरे वाळवंटातील एकाकी झाडाचे आहे. १९३८-३९ च्या हिवाळ्यात त्याच्याजवळ विहीर खणली गेली, तेव्हा त्याची मुळे ३३ ते ३६ मीटर खोल असलेल्या पाण्यापर्यंत पोहोचलेली आढळली. दूरवर दुसरे झाड नसलेल्या त्या भागात ते काफिल्यांची खूण होते. १९७३ मध्ये एका ट्रकच्या धडकेने ते पडले आणि आता त्याचे अवशेष नियामे येथील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले आहेत. मात्र अशा उदाहरणावरून हे झाड कोठेही, कोणत्याही पाण्याशिवाय वाढेल असा निष्कर्ष काढू नये. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात रस्त्यांच्या भरावामुळे ओढ्यांचे पुराचे पाणी अडले, तेव्हा खालच्या अंगाच्या जुन्या बाभळी मोठ्या प्रमाणावर वाळल्या. लागवड करताना वरून येणारे पाणी कोठून वाहते ते आधी पाहावे, आणि पुढे बांध, रस्ता किंवा भराव घालताना त्या पाण्याला मोरीतून वाट ठेवावी.

भारतीय वाचकांसाठी येथे एक सूचना. पुढे केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था झालेल्या जोधपूरच्या केंद्राने १९५८ मध्ये हे झाड इस्रायलमधून आणले आणि वाळूच्या टेकड्या स्थिर करण्यासाठी राजस्थानात त्याची मोठी लागवड झाली. तेथे त्याला ‘इजरायली बबूल’ म्हणतात. सरकत्या वाळूसाठी तो निर्णय समजण्याजोगा होता. परंतु नैसर्गिक गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, आणि तेथे बाहेरचे काटेरी झाड दाटीने लावणे हे गवतावर जगणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने नुकसानीचेच आहे. दख्खनच्या माळावर सपाट माथ्याचे काटेरी झाड हवेच असेल तर तेथला हिवर आधीपासून आहे. पुढील सर्व कृती छत्री बाभळीच्या मूळ प्रदेशाला धरून दिली आहे.

बियाणे गोळा करणे आणि तयार करणे

शेंगा झाडावर पिकून गळायला लागल्या की लगेच गोळा कराव्यात. फार दिवस जमिनीवर पडलेल्या शेंगा उचलण्यात अर्थ नसतो, कारण शेंगेत वाढणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या बी आतून पोखरतात आणि काही ठिकाणी बहुतेक सगळे बी त्यांनी निकामी केलेले असते. पूर्व आफ्रिकेतील पशुपालक लांब काठीला आकडी बांधून फांदी हलवतात आणि खाली पडलेल्या शेंगा वेचतात. बियाण्यासाठीही हीच पद्धत उत्तम, फक्त खाली ताडपत्री अंथरावी. काठीने झोडपू नये, त्यामुळे पुढच्या हंगामाचे कोवळे फुटवे मोडतात. एकाच झाडाचे बी न घेता निदान दहा-पंधरा निरोगी, परस्परांपासून दूर असलेल्या झाडांचे घ्यावे.

शेंगा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून उखळात हलक्या हाताने कुटाव्यात आणि पाखडून बी वेगळे करावे. बी सुमारे अर्धा सेंटिमीटर लांबीचे, चपटे, गुळगुळीत आणि हिरवट-तपकिरी असते. एक किलोग्रॅममध्ये असे १२,००० पासून ३१,००० पर्यंत बी भरते. प्रत्येक बी उजेडात पाहून ज्यावर टाचणीच्या डोक्याएवढे गोल छिद्र आहे ते टाकून द्यावे. ज्यांच्याकडे शीतपेटी आहे त्यांनी उरलेले बी हवाबंद डब्यात काही दिवस गोठवून ठेवल्यास आत दडलेल्या अळ्याही मरतात. त्यानंतर कोरड्या, थंड जागी ते काही वर्षे टिकते.

ताजे बी तसेच पेरल्यास फारच थोडे उगवते, कारण त्याचे कवच पाणी आत शिरू देत नाही. कवच उघडण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे नखे कापण्याच्या कात्रीने बियाच्या रुंद टोकाची, म्हणजे जेथे बी शेंगेला चिकटलेले असते त्याच्या विरुद्ध बाजूची, किंचित चकती उडवणे. आतला पांढरा भाग जेमतेम दिसला की पुरे. बी जास्त असेल तर उकळते पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाकावे आणि पाणी निवेपर्यंत, म्हणजे रात्रभर, तसेच ठेवावे. बी चुलीवर पाण्याबरोबर उकळू मात्र नये. सकाळी फुगून दुप्पट झालेले बी ताबडतोब पेरावे आणि न फुगलेल्यांवर हीच क्रिया पुन्हा करावी. रोपवाटिकांमध्ये तीव्र गंधकाम्लही वापरले जाते, परंतु घरगुती किंवा गावपातळीवरील कामासाठी ते धोक्याचे आहे आणि त्याची गरजही नाही.

शेळ्या हे काम फुकट करून देतात, ही गोष्ट पशुपालकांना चांगली ठाऊक आहे. शेळ्यांनी आणि मेंढ्यांनी खाल्लेल्या शेंगांमधील बरेच बी चघळण्यातून सुटून लेंड्यांतून बाहेर पडते, आणि पोटातून गेल्यामुळे त्याचे कवच काहीसे मऊ झालेले असते. अळ्याही आत जगत नाहीत. उत्तर केनियातील दक्षिण तुर्काना भागात सोडून दिलेल्या जुन्या वाडग्यांच्या (जनावरे कोंडण्याच्या आवारांच्या) जागी याच बाभळीची रोपे दाट उगवलेली आढळतात, कारण तेथे बी, खत आणि ओल धरणारा लेंड्यांचा थर असे तिन्ही एकत्र आलेले असते. ज्यांच्याकडे असे जुने वाडगे आहे त्यांनी रोपवाटिका करण्याआधी तेथे एक पावसाळा वाट पाहावी. उगवलेल्यांपैकी सरळ आणि जोमदार रोपे ठेवून बाकीची काढली, तर लागवडीचा निम्मा खर्च वाचतो.

रोपवाटिका

सोटमूळ रोपाच्या मानाने फार वेगाने खाली जाते, त्यामुळे पिशवीची रुंदी नव्हे तर खोली महत्त्वाची. निदान २५ ते ३० सेंटिमीटर खोल पिशवी घ्यावी, तळाला भोके पाडावीत आणि वाळू, माती व मुरलेले शेणखत यांच्या मिश्रणात त्याच जातीच्या मोठ्या झाडाखालची मूठभर माती मिसळावी. ही माती मिसळण्यामागे कारण आहे: छत्री बाभळीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, आणि नव्या जागेच्या मातीत ते नसले तर रोप पिवळे पडून रेंगाळते.

बी एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे. संस्कारित बी साधारण एक ते दोन आठवड्यांत वर येते. पहिले काही दिवस दुपारची हलकी सावली चालेल, पण त्यानंतर रोपे पूर्ण उन्हात असावीत. पिशव्या दर दोन-तीन आठवड्यांनी उचलून जागा बदलाव्यात, म्हणजे तळातून बाहेर आलेली मुळे जमिनीत घुसत नाहीत. घुसली असतील तर ती धारदार चाकूने कापावीत, ओढून तोडू नयेत. तीन ते सहा महिन्यांत रोप लागवडीयोग्य होते. शेवटचा महिनाभर पाणी हळूहळू कमी करावे. सुखात वाढलेले, लुसलुशीत रोप पहिल्या कोरड्या वाऱ्यातच मान टाकते.

लागवड आणि राखण

पहिला पाऊस पडला म्हणून लावणीची घाई करू नये. दोन-तीन पाऊस होऊन जमीन हातभर खोल भिजली की लावणी करावी. खड्डा ४० ते ६० सेंटिमीटरचा असावा. पाऊस तुटपुंजा असेल तर उताराच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्राकृती बांध घालावा, ज्याची दोन्ही टोके चढाकडे वळलेली असतील. नायजरमध्ये असे बांध साधारण ४ मीटर व्यासाचे घालतात आणि पावसाचे वाहते पाणी त्यांत अडते. रोप बांधाला लागून, पाणी साचते त्याच्या जराशा उंच कडेवर लावावे. सरपणासाठीच लागवड करायची असेल तर ३ मीटर बाय ३ मीटर अंतर चालते. कुरणात मात्र १० मीटर किंवा त्याहून अधिक अंतर ठेवावे, कारण पसरलेला घेर आणि त्याच्याही पलीकडे जाणारी उथळ मुळे दाट लागवडीत गवताला काहीच शिल्लक ठेवत नाहीत.

विरळ झाडांखाली याच्या अगदी उलट घडते. केनियाच्या त्सावो भागातील अभ्यासात छत्री बाभळीच्या घेराखाली गवताचे उत्पादन उघड्या जागेपेक्षा जास्त आढळले. तेथील जमीन थंड राहत होती आणि गळलेल्या पाल्यामुळे व जनावरांच्या शेणामुळे अधिक कसदार झाली होती. म्हणून कुरणातले मोठे झाड गवताची जागा अडवते, या समजुतीने ते तोडणे हे दुहेरी नुकसान आहे.

आता राखण. या झाडाच्या आयुष्यातील खरा अडसर पाणी नसून जनावराचे तोंड आहे, हे टांझानियातील मान्यारा सरोवराच्या काठी फार स्पष्ट दिसले. तेथील झाडांची वये तपासली असता ती मुख्यत्वे दोनच काळांत रुजलेली निघाली: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा बुळकांडी रोगाने गुरे आणि रानटी खुरी प्राणी मोठ्या संख्येने मेले, आणि १९६१ च्या सुमारास, जेव्हा काळपुळीच्या साथीत इम्पाला हरणे मेली. मधल्या दशकांत बी पडतच होते, उगवतही होते, पण रोप खाल्ले जात होते. जे काम तेथे दोन साथींनी केले, ते लागवड करणाऱ्याला कुंपणाने करावे लागते.

कुंपणासाठी विकतची जाळी आणण्याची गरज नाही. मोठ्या झाडाच्या छाटलेल्या काटेरी फांद्या रोपाभोवती कमरेएवढ्या उंचीपर्यंत गोलाकार रचाव्यात, बुंधे आतल्या बाजूला आणि शेंडे बाहेर ठेवून. फांद्यांतील आकडेदार काटे एकमेकांत गुंततात आणि बांधण्याचे कामही उरत नाही. वाळवी लागून किंवा वाऱ्याने कुंपण विस्कटते, त्यामुळे दर पावसाळ्याआधी नवी भर घालावी. ही राखण निदान तीन वर्षे चालू ठेवावी आणि शेंडा शेळीच्या मागच्या पायांवर उभे राहूनही तोंडाला येणार नाही इतका उंच झाल्यावरच कुंपण काढावे. उंट किंवा जिराफ असलेल्या भागात ही कसोटी लागू पडत नाही. तेथे फांद्यांचे खाणे थांबवता येत नाही, पण मधला दांडा वाचला तर झाड तग धरते. रोपाभोवती मीटरभर अंतरातले गवत खुरपून ठेवावे, कारण वणवा गवतावरून येतो. जळालेले कोवळे झाड बुडाशी पुन्हा फुटते, परंतु दर वर्षी जळत राहिले तर ते कायम झुडूपच राहते.

छाटणी आणि काट्यांपासून बचाव

चौथ्या-पाचव्या वर्षी बुडापाशी फुटलेल्या अनेक दांड्यांपैकी एक किंवा दोन ठेवून बाकीचे काढावेत आणि खालच्या फांद्या हळूहळू वर सरकत छाटाव्यात. एका वेळी घेराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये. छाटणी कोरड्या हंगामाच्या अखेरीस केल्यास पाला जनावरांना ऐन टंचाईत मिळतो आणि जखमा पावसाबरोबर भरून येतात. छाटणी करतानाच बांडगूळ पाहून घ्यावे. अरबस्तान आणि नेगेव्हच्या बाभळींवर लाल फुलांचे बांडगूळ हमखास असते. ते वरवर ओरबाडले तर पुन्हा फुटते, म्हणून ज्या फांदीत ते रुतले आहे ती फांदीच खालून कापावी.

काम करताना जाड चामड्याचे हातमोजे, जाड तळव्याचे बूट आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सरळ काटा रबरी चपलेच्या आणि दुचाकीच्या टायरच्या आरपार जातो. आकडेदार काट्यात कपडा किंवा कातडी अडकली की माणूस स्वाभाविकपणे मागे ओढतो, आणि तीच चूक असते; जरा पुढे, फांदीच्या दिशेने सरकून आकडा सोडवावा. काटा मोडून आत राहिला तर तो पूर्ण काढावा, जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर घ्यावी. बोटाच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याजवळ काटा शिरल्यानंतर काही दिवसांनी सांधा सुजला, तर तुकडा आत राहिल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी घरगुती लेप लावत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. छाटलेल्या फांद्या पायवाटेवर एक दिवसही पडू देऊ नयेत.

शेंगा: पहिला आणि मुख्य उपयोग

गवत संपते त्या कोरड्या हंगामात शेंगा गळतात, हेच या झाडाचे पशुपालकांच्या दृष्टीने मोल आहे. शेंगांत प्रथिनांचे प्रमाण चांगले, साधारण १२ टक्क्यांच्या वरच असते, म्हणजे वाळलेल्या गवतापेक्षा कितीतरी अधिक. परंतु त्या अख्ख्या घातल्या तर प्रथिनांनी समृद्ध असलेले बी कठीण कवचामुळे न पचताच बाहेर पडते आणि फक्त गराचा फायदा मिळतो. म्हणून गाभण शेळ्या, दुभती जनावरे आणि वासरे यांच्यासाठी शेंगा भरडून घालाव्यात. भरड फार बारीक करू नये. बी फुटले की पुरे. सुरुवातीला थोडी द्यावी आणि वाळलेले गवत किंवा कडबा यांच्याबरोबर वाढवत जावी. एकूण खाद्याच्या एक तृतीयांशावर मात्र नेऊ नये, कारण शेंगांतील टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त झाले की पचन मंदावते.

साठवणुकीसाठी शेंग इतकी वाळलेली असावी की वाकवताना कडकन मोडेल. जमिनीपासून उंच माचावर, हवा खेळेल अशा जागी पोती ठेवावीत. ओलसर पोत्यात बुरशी धरते आणि बुरशीची शेंग जनावराला घालण्यापेक्षा खड्ड्यात टाकलेली बरी.

तुर्काना लोक बी काढून टाकून शेंगांचे पीठ करतात आणि त्याची पेज शिजवतात. मासाई कोवळे बी खातात. तुर्कवेल आणि केरिओ या नद्यांच्या काठी तुर्काना कुटुंबांचे झाडांवर ठरलेले हक्क असतात. अशा राखीव पट्ट्याला ‘एक्वार’ म्हणतात, आणि तेथल्या शेंगा दुसऱ्याने विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. बाहेरून येऊन बी किंवा शेंगा गोळा करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मोकळ्या रानात उभे दिसणारे झाड बेवारस असतेच असे नाही.

मध, डिंक, साल

फुलोरा मधमाश्यांना फार आवडतो. ओमान आणि येमेनमध्ये समर मध हा गडद रंगाचा, चढ्या भावाने विकला जाणारा मध याच झाडाचा असतो. पेटी झाडाच्या घेराखाली पण वाऱ्याच्या आडोशाला, जनावरांच्या वाटेपासून दूर ठेवावी आणि जवळ उथळ भांड्यात दगड घालून पाणी ठेवावे. कोरड्या मुलखात मधमाश्या फुले असूनही पाण्याअभावी पोळे सोडतात. फुलोऱ्याच्या काळात छाटणी करू नये, हे ओघाने आलेच.

सालीवर जखम झाली की डिंक पाझरतो आणि तो खातातही. तथापि बाजारातील अरबी डिंक म्हणून तो विकू नये. आंतरराष्ट्रीय खाद्यमानकांनुसार ते नाव फक्त ‘सेनेगालिया सेनेगल’ आणि ‘व्हाचेलिया सेयाल’ यांच्या डिंकाला आहे, आणि भेसळ निघाल्यास संपूर्ण माल परत येतो. आतल्या सालीच्या ओल्या पट्ट्या पिळून मजबूत दोर वळता येतो. त्यासाठी छाटलेल्या फांद्यांचीच साल वापरावी. उभ्या खोडाची साल सर्व बाजूंनी सोलली की झाड वाळते.

लाकूड आणि कोळसा

लाकूड जड असते आणि जळताना चांगली आच देते. त्याचे उष्णतामूल्य सुमारे ४,४०० किलोकॅलरी प्रति किलोग्रॅम धरले जाते. खांब आणि अवजारांचे दांडे यांसाठीही ते चालते, मात्र बाहेरचे फिके लाकूड किडे झपाट्याने पोखरतात. तोडल्याबरोबर साल काढावी, काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावे आणि सावलीत वाळवावे.

कोळशाबद्दल संयमानेच लिहिले पाहिजे. मातीच्या पारंपरिक भट्टीत वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या साधारण १० ते २० टक्केच कोळसा हाती येतो, म्हणजे पाचातले निदान चार हिस्से धुरात जातात. सोमालियात बाभळींचा कोळसा करून निर्यात करण्याचा धंदा इतका वाढला आणि त्यातून सशस्त्र गटांना इतका पैसा मिळू लागला की संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने फेब्रुवारी २०१२ मध्ये ठराव क्रमांक २०३६ करून सोमाली कोळशाच्या आयातीवर बंदी घातली. अनेक देशांत तोडीला आणि कोळसा वाहतुकीला परवाना लागतो, तो आधी घ्यावा. कोळसा करायचाच असेल तर छाटणीच्या, मनगटाएवढ्या किंवा त्याहून जाड फांद्या वापराव्यात, त्या निदान दोन महिने वाळवाव्यात आणि भट्टी लहान ठेवून तिच्यावर सतत लक्ष द्यावे. ओल्या लाकडाची मोठी भट्टी अर्धी राख आणि अर्धी खुंट देते.

संपूर्ण झाड तोडण्याची वेळ आलीच, तर बुंधा जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोरड्या हंगामाच्या अखेरीस, पाणी निथळेल असा तिरका कापावा. करवतीचा काप कुऱ्हाडीच्या घावापेक्षा चांगला, कारण चिरफळलेल्या बुंध्यात पाणी आणि वाळवी शिरते. पहिल्या पावसानंतर बुंध्यावर अनेक फुटवे येतात. त्यांतले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे वर्षभराने काढावेत. या फुटव्यांभोवतीही काटेरी फांद्यांचे कुंपण पहिल्याच दिवशी घालावे, कारण शेळीच्या दृष्टीने तेही कोवळे रोपच असते.